मंजूर झालेला पैसा, हाती आलेला पैसा : विज्ञान-योजनांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विज्ञान, तंत्रज्ञान आणि विज्ञानशिक्षण यांना सरकारकडून मिळणाऱ्या साहाय्याविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांमध्ये योजनांची नावे विचारणारी पत्रे थोडीच होती. बहुतेकांना नाव ठाऊक होते, पण अर्ज कोणी करायचा, कोठे करायचा आणि मंजुरीनंतर पैसा अडतो कोठे, हे कळत नव्हते. त्यांतले सात प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत. उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती अशी की हा पैसा माणसाकडे पाहून दिला जात नाही, काम कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहून दिला जातो. सातवीतल्या मुलीची कल्पना, कारखानदाराचे चालते यंत्र आणि प्राध्यापकाचा संशोधन प्रकल्प यांचे अर्ज वेगवेगळ्या खिडक्यांवर जातात, आणि खिडकी चुकली की उत्तम अर्जही परत येतो.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. सातवीतल्या एका विद्यार्थिनीने कांदाचाळीत आतून सडत चाललेला कांदा वेळेत कसा ओळखावा, याविषयी एक कल्पना मांडली आहे. तिची आजी ढिगात कोपरापर्यंत हात घालून ऊब पाहते, त्यावरून तिला हे सुचले. इन्स्पायर पुरस्कारासाठी हे चालेल का? आमच्याकडे तयार उपकरण काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी आमचे नामांकन नाकारले गेले होते.

उत्तर : चालेल, आणि तयार उपकरण नाही ही अडचण मुळीच नाही. ‘इन्स्पायर-मानक’ ही केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना आहे आणि ती राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान या संस्थेच्या सहकार्याने राबवली जाते. पहिल्या टप्प्यावर मागितली जाते ती केवळ कल्पना. ती निवडली गेली की नमुना तयार करण्यासाठी आणि जिल्हा प्रदर्शनात तो मांडण्यासाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. त्यानंतर जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्या आहेत. सुरुवातीला ही योजना सहावी ते दहावीपुरती होती, अलीकडे अकरावी-बारावीचे विद्यार्थीही तिच्यात घेतले गेले आहेत. एका शाळेला पाच नामांकने पाठवता येतात. विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करावयाचा नसून शाळेने योजनेच्या संकेतस्थळावर एकदा नोंदणी करून, यू-डायस या शाळेच्या शासकीय ओळख-क्रमांकासह, त्याची कल्पना पाठवावयाची असते. सबब शाळेची नोंदणी झालेली आहे का आणि ती जिल्हा स्तरावरून मान्य झालेली आहे का, हे आपण आधी पाहावे. पुष्कळ नामांकने याच ठिकाणी, कोणी न वाचताच, अडकून पडलेली असतात.

मागील नामांकन का नाकारले गेले, हे आपण कळवलेले नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण या स्पर्धांच्या निमित्ताने जे लेखन आमच्या पाहण्यात येते, त्यात एक खोड फार दिसते. मुलाची साधी, नेमकी अडचण मोठ्यांच्या हातून जाता जाता ‘स्मार्ट अमुक’ किंवा ‘सेन्सरवर चालणारे तमुक’ होऊन बसते, आणि मग ती यूट्यूबवरच्या शंभर प्रकल्पांसारखी दिसू लागते. परीक्षक कल्पनेचे नावीन्य, तिचा समाजाला होणारा उपयोग, ती वापरायला किती सोपी आणि करण्याजोगी आहे, हे पाहतात. तेव्हा आपल्या विद्यार्थिनीने आजीपासूनच सुरुवात करावी. ढिगात हात किती खोल जातो, कोणत्या महिन्यात ऊब जाणवते, आजी कांदा उकरून बाहेर कधी काढते आणि तोवर किती पाट्या फेकून द्याव्या लागलेल्या असतात, हे तिने घरी बसून विचारावे आणि लिहून काढावे. त्यानंतर आपण काय करू पाहतो, हे चार वाक्यांत सांगावे. उदाहरणार्थ, पोकळ बांबूत साधा तापमापक बसवून तो ढिगाच्या तीन वेगवेगळ्या उंचींवर खोचायचा आणि रोज सकाळी नोंद घ्यायची. वीज लागत नसेल तर तसे आवर्जून लिहावे, कारण चाळीत वीज असतेच असे नाही. हा आमचा केवळ नमुना आहे. प्रत्यक्ष उपाय तिचा तिलाच सुचू द्यावा.

बँक खात्याची आठवण वेगळी करून द्यावीशी वाटते. खाते विद्यार्थिनीच्या नावे असावे, चालू असावे आणि त्यावरील नावाचे स्पेलिंग नामांकनातल्या स्पेलिंगशी तंतोतंत जुळावे. आडनावातल्या एका अक्षरापायी रक्कम परत जाते आणि शिक्षकाला पुढचे सहा महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका अनुदानित विद्यालयाचा मुख्याध्यापक आहे. आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब आहे. पहिल्या वर्षी ती जोरात चालली. आता त्रिमितीय मुद्रक, म्हणजे थ्रीडी प्रिंटर, बंद आहे, पुढचा हप्ता आलेला नाही आणि ज्या शिक्षकाने प्रशिक्षण घेतले होते त्यांची बदली झाली. ही प्रयोगशाळा पुन्हा कशी उभी करावी?

उत्तर : आपले पत्र वाचून आम्हांला आश्चर्य वाटले नाही. एका शाळेतील अशाच प्रयोगशाळेत आम्ही गेलो होतो, तेव्हा चावी कोणाकडे आहे हे शोधण्यातच पाऊण तास गेला, आणि आत गेल्यावर यंत्रमानवाच्या संचावरचे प्लास्टिक अजून फाडलेले नव्हते. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले की मोडले तर डेडस्टॉकमध्ये काय दाखवायचे!

मुलांनी हाताने वस्तू बनवून शिकावे म्हणून अटल टिंकरिंग लॅब ज्या योजनेतून दिली जाते, ती अटल नवप्रवर्तन मोहीम ही नीती आयोगाची २०१६ पासूनची योजना आहे. निवड झालेल्या शाळेला एकूण २० लाख रुपये मिळतात. त्यांतले १० लाख उभारणीसाठी असतात आणि उरलेले १० लाख पुढील पाच वर्षांच्या देखभालीसाठी, म्हणजे सरासरीने वर्षाला दोन लाख. देशभरात अशा सुमारे १०,००० प्रयोगशाळा झाल्या आहेत आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमधून आणखी ५०,००० उभारण्याची घोषणा झाली आहे. आकडा मोठा आहे, परंतु आपल्यासारख्या शाळेच्या दृष्टीने उभारणीच्या दहा लाखांपेक्षा देखभालीचे दहा लाख अधिक मोलाचे आहेत, आणि नेमके तेच हप्त्यांनी येतात.

हप्ता अडतो तो बहुधा उपयोगिता प्रमाणपत्रापाशी. मागील रक्कम कशावर खर्च झाली, किती शिल्लक राहिली, शिलकीवर व्याज किती मिळाले, याचे सनदी लेखापालाने तपासलेले विवरण वेळेवर आणि ठरलेल्या नमुन्यात गेले नाही तर पुढील रक्कम सुटत नाही. त्यात ‘व्याज’ ही ओळ रिकामी सोडण्याची चूक फार होते. आपण प्रथम अनुदानाच्या स्वतंत्र खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा काढावा, तो खरेदीच्या पावत्यांशी ताडून पाहावा आणि कोणत्या आर्थिक वर्षाचे प्रमाणपत्र राहिले आहे ते ठरवावे. वर्षे उलटी चालवून, म्हणजे ताजे वर्ष आधी आणि जुने मागाहून, असा खटाटोप करू नये. जुने पूर्ण झाल्याशिवाय नव्याची आरंभीची शिल्लक जुळत नाही.

आता मुद्रकाविषयी. कोकणातल्या शाळांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. या यंत्रात वापरली जाणारी पीएलए नावाची प्लास्टिकची तार हवेतला दमटपणा शोषून घेते. जून ते सप्टेंबर या तारेची गुंडी उघड्यावर राहिली की तार वाकवताच काडीसारखी तुटते, वितळताना तडतड आवाज येतो आणि वितळलेली तार जेथून बाहेर पडते ते सुमारे ०.४ मिलिमीटरचे तोंड हळूहळू तुंबते. यंत्र ‘बिघडले’ म्हणून कोपऱ्यात जाते, पण बिघडलेली असते ती तार. तांदळाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ती गुंडी ठेवावी, आणि दमट झालेली तार चाळीस-पन्नास अंशांच्या उबेत काही तास सुकवून पाहावी. तोंड स्वच्छ करणे हे आठवीतल्या मुलांना सहज शिकवता येते. गरम भागाला हात लागणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी. दुरुस्तीवाल्याला पुण्या-मुंबईहून बोलावण्याआधी एवढे करून पाहावे.

बदलीच्या प्रश्नाला आमच्यापाशी शासकीय उत्तर नाही. तरीही देखभालीच्या रकमेतून मार्गदर्शकांना मानधन देण्याची सोय योजनेत आहे, आणि मार्गदर्शक म्हणजे अभियंताच असला पाहिजे असे नाही. जवळच्या आयटीआयमधला निदेशक किंवा गावातला मोटार-वाइंडिंग करणारा कारागीर आठवड्यातून एक दुपार देऊ शकला, तर मुलांना सोल्डरिंग त्याच्याकडून अधिक चांगले शिकता येईल. चावी मात्र दोन जणांकडे असावी, त्यांपैकी एक शिपाई.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली असून बीएस्सीला प्रवेश घेते आहे. केव्हीपीवाय बंद झाल्याचे कळले. तिच्यासाठी दुसरी शिष्यवृत्ती कोणती? (पालक, लातूर)

उत्तर : किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये बंद होऊन इन्स्पायरमध्ये विलीन झाली, हे खरे आहे. तिच्यासाठी पाहावयाची ती इन्स्पायरचीच उच्चशिक्षण शिष्यवृत्ती, जिला अर्जदार मंडळी ‘शी’ म्हणतात. तीत वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. ६०,००० विद्यार्थ्याच्या हाती येतात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी, मार्गदर्शकाकडे काम करून अहवाल दिल्यावर. बारावीला आपापल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात असलेले विद्यार्थी पात्र असतात, आणि ही मर्यादा प्रत्येक मंडळाची, प्रत्येक वर्षी वेगळी असते. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड किंवा नीटमध्ये पहिल्या १०,००० क्रमांकांत येऊनही मूलभूत विज्ञानाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो.

येथे एक फसगत वारंवार होते, म्हणून प्रवेश निश्चित करण्याआधी हे वाचावे. शिष्यवृत्ती मूलभूत आणि नैसर्गिक विज्ञानांसाठी आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भूशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स हे विषय यादीत आहेत. बीएस्सी बायोटेक्नॉलॉजी आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स नाहीत. अभियांत्रिकी आणि वैद्यक तर नाहीतच. एकाच महाविद्यालयात शेजारशेजारच्या वर्गांत बसणाऱ्या, सारख्याच गुणांच्या दोन मुलींपैकी मायक्रोबायोलॉजीची पात्र आणि बायोटेक्नॉलॉजीची अपात्र ठरते. हा नियम आम्हांला स्वतःला पटलेला नाही, पण तो आहे.

धाकट्या भावंडाविषयीही आपण ओझरते विचारले आहे. तो आठवीत असेल आणि शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित असेल, तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला अवश्य बसवावे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आपल्याकडे ही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मात्र, पुष्कळ पालक समजतात त्याप्रमाणे शासकीय नाही. ती मुंबईतील विज्ञान शिक्षकांची संघटना घेते. ऑलिंपियाडची जबाबदारी मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे आणि ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे केंद्र आहे. नावातल्या साम्यामुळे हा घोळ होतो.

प्रश्न : मी विदर्भातील एका संलग्न महाविद्यालयात रसायनशास्त्राचा साहाय्यक प्राध्यापक आहे. पन्नास हजार कोटींचे संशोधन प्रतिष्ठान झाले, असे ऐकतो. आमच्यापर्यंत त्यातले काही येईल का, की ते आयआयटीतच संपेल?

उत्तर : आपल्या शंकेतला कडवटपणा अनाठायी नाही, पण पन्नास हजार कोटींची फोड आधी पाहावी. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान २०२३ च्या कायद्याने स्थापन झाले आणि तो कायदा फेब्रुवारी २०२४ मध्ये अमलात आला. २००८ च्या कायद्याने आलेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपये धरले आहेत खरे, परंतु त्यांतले केंद्र सरकारचे १४,००० कोटी आहेत आणि उरलेले ३६,००० कोटी उद्योग, सार्वजनिक उपक्रम, दानशूर संस्था अशा बाहेरच्या स्रोतांकडून यावेत अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि तरतूद यांतला फरक हिशेब ठेवणाऱ्याला सांगावा लागत नाही.

भारताचा संशोधन आणि विकासावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीनमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक आहे आणि दक्षिण कोरियात चारहून अधिक. आपल्याकडे या खर्चातला मोठा वाटा केंद्र सरकारच्या मोजक्या विभागांचा, म्हणजे संरक्षण, अवकाश, अणुऊर्जा, कृषी यांचा, आहे. उच्चशिक्षण संस्थांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे. थोडक्यात, विद्यार्थी जेथे शिकतात तेथे संशोधनाचा पैसा सर्वांत कमी, आणि नव्या प्रतिष्ठानाचा घोषित हेतू हीच उणीव भरून काढण्याचा आहे.

आपल्यासाठी व्यवहार्य वाटा दोन-तीन दिसतात. ‘टेअर’ नावाची योजना राज्य विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या कायम शिक्षकांसाठी होती. तीत आपल्या नोकरीवर राहूनच जवळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा आयआयटीसारख्या संस्थेत वर्षातला काही काळ संशोधन करता येत असे. नागपूरला नीरी ही राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, म्हणजे आपल्याला यजमान शोधायला पुण्याला जावे लागणार नाही. प्रतिष्ठानाकडून तिचे किंवा तशाच योजनेचे आवाहन निघते का, याकडे लक्ष ठेवावे. ‘पेअर’ ही नवी योजना केंद्र आणि आरे या धर्तीवर आहे. मोठी संस्था मध्यभागी असते आणि राज्य विद्यापीठांसारख्या संस्था तिला जोडल्या जातात. संलग्न महाविद्यालयाला त्यात थेट शिरकाव अवघड आहे, परंतु आपले विद्यापीठ त्यात असेल तर त्या विभागाशी आजच बोलावे.

अर्जापेक्षा अधिक वेळ मंजुरीनंतरच्या गोष्टींसाठी राखून ठेवावा, हे मात्र अनुभवाने सांगतो. प्रकल्पाचे पत्र आल्यावर संस्थेने स्वतंत्र खाते उघडणे, लेखापालाने ‘या पैशातून रसायने कोणत्या दरपत्रकाने घ्यायची’ म्हणून फाइल थांबवणे आणि मार्च महिना डोक्यावर येणे, असा क्रम ठरलेला आहे. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियम सैल केले. दरपत्रके न मागवता करावयाच्या खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली आणि जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळाबाहेरून खरेदी करण्याचे अधिकार संस्थाप्रमुखांना दिले. ही सवलत ठरावीक विभागांखालच्या संस्थांना आहे. आपल्या महाविद्यालयाला ती लागू पडते का, हे विद्यापीठाच्या वित्त विभागाकडून लेखी घ्यावे, तोंडी नव्हे.

प्रश्न : माझे अहिल्यानगर जिल्ह्यात वेल्डिंगचे वर्कशॉप आहे. दहावीपर्यंत शिकलो. डाळिंबाच्या बागेत फवारणीसाठी छोट्या ट्रॅक्टरला जोडायचे एक यंत्र मी बनवले असून तीन शेतकरी ते वापरतात. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात मांडणार आहे. पेटंट कसे घ्यावे, आणि सरकार पैसे देते का?

उत्तर : प्रदर्शनात मांडण्याआधी थांबावे, ही आमची पहिली विनंती. पेटंट मिळण्यासाठी शोध अर्जाच्या तारखेपूर्वी जगासमोर आलेला नसावा लागतो. यंत्र मांडवात ठेवले, माहितीपत्रक वाटले, कोणी त्याचा व्हिडिओ काढून टाकला, की पुढे त्याच गोष्टी आपल्या अर्जाविरुद्ध पुरावा ठरतात. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती १२ महिन्यांची सवलत कायद्यात आहे, पण तालुक्याचे कृषी प्रदर्शन तसे अधिसूचित असण्याचा संभव कमी. तीन शेतकऱ्यांकडे ते आधीच चालू आहे, ही गोष्टही पेटंटच्या जाणकाराला लपवून न ठेवता सांगावी. ते केवळ चाचणीसाठी होते की विकले होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उघडून पाहिले होते का, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

घाईच असेल तर तात्पुरता अर्ज करता येतो. त्यात यंत्राचे वर्णन आणि आकृती देऊन तारीख राखली जाते आणि पूर्ण तपशिलाचा अर्ज १२ महिन्यांच्या आत द्यावा लागतो. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, तेच मोठ्या कंपनीला ८,००० रुपये पडते. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. तिचे व्यक्तीसाठी ४,००० रुपये आहेत आणि ती ३१ महिन्यांच्या आत न केल्यास अर्ज मागे घेतला असे मानले जाते. अनेक अर्ज नेमके येथेच मरतात, कारण पहिली पावती मिळाली म्हणजे पेटंट मिळाले असा समज असतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. खरा खर्च शुल्काचा नसून मसुदा लिहिणाऱ्या पेटंट एजंटाचा असतो, आणि त्यात काटकसर करू नये. ‘दावे’ या भागात, म्हणजे नेमके काय आपले ते सांगणाऱ्या भागात, एक शब्द अधिक घातला तर शेजारचा वर्कशॉपवाला तेवढाच एक नट बदलून आपले यंत्र उजळ माथ्याने विकू शकतो.

आता पैशाविषयी. आपल्यासारख्या, पदवी किंवा प्रयोगशाळेचा आधार नसलेल्या संशोधकांसाठीच राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान २००० मध्ये गुजरातेत सुरू झाले. ते विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था आहे. शोध पडताळून तो खरोखर नवा असल्यास पेटंटचा अर्ज संशोधकाच्या नावे करून देणे, यंत्रात सुधारणा करणे आणि त्याची चाचणी घेणे, ही कामे तेथे होतात. आपण मराठीतही लिहू शकता. वर्णन साधे असावे आणि त्यात ‘आधीचे यंत्र काय करीत असे आणि माझे काय वेगळे करते’ हा परिच्छेद सर्वांत आधी यावा.

दुसरी वाट त्याच विभागाच्या ‘निधी-प्रयास’ योजनेची. कल्पनेपासून चालत्या नमुन्यापर्यंत जाण्यासाठी १० लाखांपर्यंत साहाय्य मिळते, कंपनी स्थापन केलेली नसली तरी अर्ज करता येतो आणि वस्तू हाताला लागणारी असावी लागते, केवळ मोबाइल अ‍ॅप चालत नाही. अर्ज प्रयास केंद्रांमार्फत होतो. पवईच्या आयआयटीतले ‘साइन’ हे त्यांपैकी एक. आपले यंत्र तीन शेतांत चालत आहे, म्हणून ‘नमुना झालाच आहे’ असे परीक्षक म्हणू शकतात. तेव्हा अर्जात पुढचा, अजून न झालेला नमुना कोणता हे लिहावे, जसे की फवाऱ्याचा कोन झाडाच्या उंचीप्रमाणे बदलणे. शेतीऐवजी जैवतंत्रज्ञानात काम करणाऱ्या एका वाचकानेही हाच प्रश्न विचारला आहे. त्यांनी बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाखालील संस्थेच्या ‘बिग’ या ५० लाखांपर्यंतच्या अनुदानासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटरशी बोलावे.

प्रश्न : पीएचडी झाल्यावर मुलांसाठी नऊ वर्षे घरी होते. परत संशोधनात येता येईल का? (वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : येता येईल. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘वाइज-किरण’ या छत्राखालील योजना मुख्यतः खंड पडलेल्या स्त्रियांसाठीच आहेत. पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी ‘वाइज-पीडीएफ’ आहे. प्रयोगशाळेत परतण्याची इच्छा नसेल, तर ‘वाइज-आयपीआर’मध्ये बौद्धिक संपदेच्या कामाचे एका वर्षाचे प्रशिक्षण पाठ्यवृत्तीसह मिळते, आणि तेथून पेटंटच्या व्यवसायात स्थिरावता येते. वरच्या प्रश्नातल्या वर्कशॉपवाल्या गृहस्थांना अशाच कोणाची तरी गरज आहे. अर्जाआधी यजमान संस्थेतला एक शास्त्रज्ञ संमती देणारा हवा, हे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल. जुन्या मार्गदर्शकांना पत्र लिहिण्याचा संकोच करू नये.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी आहे. नफा कंपन्यांनी मिळवायचा आणि संशोधनाचा खर्च करदात्याने करायचा, हे मला पटत नाही. एक लाख कोटींचा नवा निधीही कंपन्यांनाच जाणार ना? (सावंतवाडी)

उत्तर : आपण म्हणता तो निधी म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी मंजूर केलेली संशोधन, विकास आणि नवप्रवर्तन योजना. आपण बँकेत होता, म्हणून तिचे स्वरूप आपल्याला लगेच कळेल. ते मुख्यत्वे अनुदान नाही. दीर्घ मुदतीची, अत्यल्प किंवा शून्य व्याजाची कर्जे आणि काही प्रमाणात भागभांडवल, असे ते आहे, आणि सरकार ते स्वतः न वाटता निधी-व्यवस्थापकांमार्फत देणार आहे. तंत्रज्ञान प्रयोगशाळेत सिद्ध होऊन बाजाराकडे निघालेले असले पाहिजे, अशी अट आहे. तंत्रज्ञान कितपत तयार आहे हे दाखवणाऱ्या नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर किमान चौथी. कर्ज बुडाले तर बोजा करदात्यावरच येईल, ही आपली शंका रास्त आहे आणि व्यवस्थापकांची निवड कशी होते यावर लक्ष ठेवले पाहिजे. यापूर्वीचा मार्ग करसवलतीचा होता. कंपनीने संशोधनावर केलेल्या खर्चाच्या दुप्पट वजावट मिळत असे. ती २०१७ मध्ये दीडपट झाली आणि एप्रिल २०२० पासून खर्चाइतकीच उरली. सवलत असतानाही खासगी क्षेत्राचा वाटा एकूण संशोधनखर्चाच्या चाळीस टक्क्यांवर गेला नव्हता.

पण ‘करदात्याने का?’ या मूळ प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातून देता येईल. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली, तेव्हा तेथल्या क्यासनूरच्या जंगलातून या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी गोचिडींवाटे पसरणारा एक अज्ञात विषाणू शोधून काढला. त्या विषाणूवर औषध विकून कोणाला नफा होणार नव्हता, कारण रुग्ण थोडे, गरीब आणि रानातले. त्याचा अभ्यास, नमुने आणि निदानाची पद्धत सरकारी पगारावरच्या माणसांनी जपली. जवळजवळ साठ वर्षांनी, २०१६ मध्ये, आपल्या दोडामार्ग तालुक्यात काजूच्या बागेत जाणाऱ्यांना त्याच विषाणूचा माकडताप होऊ लागला, तेव्हा तो ताप कशाचा आहे हे ओळखण्याची विद्या देशात तयार होती. २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू देशात प्रथम वेगळा केला तो याच संस्थेने, आणि कोव्हॅक्सिन त्यावरूनच घडली. ती लस एका खासगी कंपनीने बनवली आणि विकली, हेही खरे. सरकारी संस्थेने दिलेल्या विषाणूच्या मोबदल्यात स्वामित्वशुल्काचा करार किती चोख असावा, यावर वाद घालता येईल, आणि आपल्यासारख्या बँकेतल्या माणसाने तो जरूर घालावा. पण १९५७ साली क्यासनूरच्या जंगलात गोचिडी गोळा करायला कोणती कंपनी गेली असती, हे आम्हांला सांगता येत नाही.